डस्ट कलेक्टरच्या पिशव्या : निवड, मोजमाप आणि बदल

लाकूडकामाच्या कारखान्यात यंत्रांवरचा भुसा ओढून घेणाऱ्या डस्ट कलेक्टरला सहसा दोन पिशव्या असतात आणि त्या दोन्ही ‘बॅग’ या एकाच नावाने मागवल्या जात असल्यामुळे निवडीतल्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. पंख्याने ओढलेली हवा भुशासह मधल्या गोल कड्यात शिरते. तिथे तिचा वेग मंदावतो, जड ढलप्या आणि रंध्याचा कीस खालच्या पिशवीत पडतात, आणि उरलेली हवा बारीक धूळ घेऊन वरच्या कापडी पिशवीत चढते व कापडाच्या छिद्रांतून बाहेर पडते. खालच्या पिशवीचे काम साठवण्याचे, म्हणून तिला इथे साठवणपिशवी म्हटले आहे, आणि वरच्या पिशवीचे काम हवा गाळण्याचे, म्हणून ती गाळणपिशवी. साठवणपिशवी भरली किंवा फाटली की ते कोणाच्याही लक्षात येते. गाळणपिशवी मात्र फाटण्याच्या कितीतरी आधी निकामी होते, आणि ते दिसत नाही. यंत्राची ओढ महिन्यामहिन्याने कमी होत जाते, करवतीखाली भुसा साचू लागतो आणि दोष मोटरला किंवा पाइपाला दिला जातो.

दिसणारा भुसा हा झाडून काढता येणारा कचरा आहे. खरा प्रश्न न दिसणाऱ्या धुळीचा आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनहून लहान कण घशाखाली उतरतात आणि सुमारे ४ मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. नाकातच अडकणारे मोठे कणही निरुपद्रवी नाहीत. इंग्लंडमधील हाय विकम या खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाच्या परिसरातील फर्निचर कारागिरांमध्ये नाकाच्या पोकळीचा एक एरवी दुर्मीळ कर्करोग वारंवार आढळत असल्याचे १९६०च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. आपल्याकडे सर्वांत मानाचे मानले जाणारे सागाचे लाकूडही याला अपवाद नाही. सागात असलेल्या डीऑक्सिलॅपॅकॉल या द्रव्यामुळे काही कारागिरांच्या हातांना आणि मानेला खाज सुटून चट्टे उठतात. एमडीएफ आणि प्लायवूड यांच्या धुळीत लाकडाबरोबर फॉर्माल्डिहाइडयुक्त राळही असते. त्यामुळे गाळणपिशवी निवडणे हा स्वच्छतेपेक्षा आरोग्याचा विषय ठरतो.

पिशवी विकत घेताना पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती मायक्रॉनची?’ हा, आणि तो अपुरा आहे. ‘५ मायक्रॉन’ असे पिशवीवर छापलेले असले तरी त्या आकाराच्या कणांपैकी शेकडा किती कण ती अडवते, हे सोबत सांगितलेले नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. ५ मायक्रॉनचे निम्मे कण अडवणारी आणि शेकडा ९९ अडवणारी अशा दोन्ही पिशव्यांवर एकच आकडा छापता येतो. दुसरी गोष्ट, कापड नवे असताना जितके गाळते त्यापेक्षा वापरात आल्यावर अधिक गाळते. चहाच्या गाळणीत चोथा साचू लागला की त्या चोथ्यातूनच पुढचा चहा अधिक बारीक गाळला जातो आणि त्याच वेळी तो उतरायलाही वेळ लागतो, तसाच प्रकार इथे होतो. कापडाच्या आतल्या बाजूला धुळीचा पातळ थर बसतो, बारीक कण प्रत्यक्षात तो थर अडवतो आणि कापड त्या थराला आधार देते. म्हणून नवी पिशवी बसवल्यावर पहिले काही दिवस तिच्याभोवती धूळ जाणवली तर पिशवी लगेच सदोष ठरवू नये, आणि म्हणूनच कापड पूर्ण कोरे होईपर्यंत झटकत राहणे हेही हिताचे नसते.

मायक्रॉनच्या आधी पाहायला हवे ते कापडाचे क्षेत्रफळ. यंत्राजवळची धूळ पाइपात शिरलीच नाही तर पिशवी किती बारीक गाळते याला महत्त्व राहत नाही. आणि ती पाइपात शिरण्यासाठी पुरेशी हवा वाहावी लागते. लाकडाचा भुसा पाइपात न साचता वाहून जाण्यासाठी हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असावा लागतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे ४ इंची पाइपातून हा वेग मिळवायचा तर तासाला साधारण ५६५ घनमीटर हवा लागते. एका वेळी दोन यंत्रे चालणार असतील तर ही गरज ११०० घनमीटरच्या पुढे जाते. ही सगळी हवा अखेर गाळणपिशवीच्या कापडातूनच बाहेर पडायची असते. एक चौरस मीटर कापडातून मिनिटाला ३ घनमीटरच्या आसपास हवा गेली तर ते प्रमाण चांगले समजावे. आता ५०० मिलिमीटर व्यासाची आणि १ मीटर उंचीची नेहमीची पिशवी घेतली, तर तिचा घेर १.५७ मीटर, म्हणून बाजूचे कापड १.५७ चौरस मीटर आणि वरची टोपी ०.२ चौरस मीटर, असे एकूण पावणेदोन चौरस मीटर कापड भरते. तिच्यातून तासाला १००० घनमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १६.७ घनमीटर हवा ढकलली तर प्रत्येक चौरस मीटरवर मिनिटाला साडेनऊ घनमीटरांचा भार येतो, जो चांगल्या प्रमाणाच्या तिपटीहून अधिक आहे. अशा पिशवीत धूळ कापडाच्या विणीत खोलवर दाबली जाते, झटकूनही निघत नाही, आणि काही आठवड्यांत पिशवी चोंदते. उंची १.६ मीटर केली तर क्षेत्रफळ २.७ चौरस मीटर होते आणि भार सहाच्या जवळ येतो.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. छताची उंची असेल तर मूळ पिशवीहून उंच पिशवी शिवून घ्यावी, आणि तिच्या माथ्यावरची कडी छताच्या आढ्याला टांगावी. त्याच पंख्यात, त्याच मोटरवर, कापडाच्या थोड्या जादा खर्चात यंत्राची ओढ जितकी सुधारते तितकी दुसऱ्या कोणत्याही दुरुस्तीने सुधारत नाही. बुटक्या छताच्या औद्योगिक गाळ्यात उंची वाढवता येत नसेल, तर पिशवीऐवजी घड्या घातलेल्या कागदाचे किंवा पॉलिएस्टरचे कार्ट्रिज फिल्टर बसवावे. घड्यांमुळे तेवढ्याच जागेत ८–१० चौरस मीटर गाळणी मावते. कार्ट्रिजच्या घड्यांत लांब कीस अडकतो आणि हाताने काढावा लागतो, म्हणून त्याच्या आधी भुसा वेगळा करणारा सायक्लोन किंवा निदान एक पिंप असणे बरे. यंत्राच्या माहितीपत्रकात दिलेला हवेचा आकडा पाइप व पिशवी न जोडता मोजलेला असण्याची शक्यता मोठी असते. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास हवा मिळेल असे धरून हिशेब करणे शहाणपणाचे. तो आकडा घनफूट प्रतिमिनिटात, म्हणजे सीएफएममध्ये दिलेला असल्यास त्याला १.७ ने गुणले की तासाचे घनमीटर मिळतात.

कापडाच्या प्रकारांपैकी सुती डक किंवा सॅटिन हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुने. विणलेल्या धाग्यांमधली छिद्रे मोठी असल्यामुळे ते कीस व जाड भुसा अडवते, परंतु सँडरची धूळ सुरुवातीला सरळ सोडून देते. त्याहून महत्त्वाचा दोष दमटपणाचा आहे. सिंधुदुर्ग, रत्नागिरी किंवा गोव्यात पावसाळ्याचे चार महिने सुती पिशवी ओलावा धरून ठेवते. आतला थर लगद्यासारखा घट्ट होतो, बाहेर बुरशीचे काळे ठिपके उठतात आणि धागा कुजतो. त्यामुळे किनारपट्टीवर सुती पिशवी घेऊच नये, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. पॉलिएस्टर निडल फेल्ट हा पर्याय सर्वसाधारण वर्कशॉपसाठी योग्य. हे कापड विणलेले नसते. सुयांनी तंतू एकमेकांत गुंतवून ते नमद्यासारखे तयार करतात, आणि त्याचे वजन जीएसएममध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असे सांगतात. पाचशेच्या आसपास जीएसएमचे फेल्ट टिकाऊ ठरते. फेल्टची एक बाजू भाजून गुळगुळीत केलेली असते, म्हणजे तिच्यावरची धूळ सहज सुटते; ही गुळगुळीत बाजू धुळीकडे, म्हणजे डस्ट कलेक्टरच्या पिशवीत आतल्या अंगाला असली पाहिजे. शिवणारा कारागीर दिसायला सुबक म्हणून तीच बाजू बाहेर ठेवण्याचा संभव असतो, म्हणून मागणी देतानाच हे सांगून ठेवावे. एमडीएफचे राउटरकाम आणि सँडिंग हेच मुख्य काम असेल तर फेल्टवर पीटीएफईचा अतिपातळ पडदा चढवलेले कापड घ्यावे. धूळ पडद्यावरच थांबते, आत शिरत नाही, आणि झटकल्यावर पिशवी जवळजवळ पूर्वीसारखी होते. ते महाग आहे आणि त्याला ब्रशने खरवडणे सोसत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत अडचण उलट स्वरूपाची येते. कृत्रिम धाग्यांवर घासत जाणाऱ्या धुळीमुळे स्थिरविद्युत साठते, म्हणजे वाहून न जाणारा विद्युतभार कापडावर आणि पीव्हीसी पाइपावर गोळा होतो, आणि हिवाळ्यात पाइपाला हात लागताच चटका बसतो. अशा ठिकाणी कार्बनचे किंवा पोलादाचे वाहक तंतू मिसळलेले अँटिस्टॅटिक फेल्ट मिळते. ते घेतले तर त्याचा संबंध यंत्राच्या लोखंडी कड्याशी आणि कड्याचा संबंध अर्थिंगशी जोडलेला आहे ना, हे तपासावे लागते. कडा रंगवलेला असेल किंवा मध्ये फोमची पट्टी असेल तर तो जोड तुटतो आणि जादा पैसे देऊन घेतलेल्या कापडाचा उपयोग होत नाही.

मोजमाप घेताना पिशवीच्या नव्हे तर कड्याच्या घेराचे माप घ्यावे, कारण जुनी पिशवी ताणलेली किंवा आटलेली असते. कापडी मापपट्टी कड्याभोवती, क्लॅम्प बसतो त्या खोबणीच्या रेषेत फिरवावी. सपाट पसरलेल्या पिशवीची रुंदी म्हणजे घेराचा निम्मा. ५०० मिलिमीटर कड्यासाठी ती ७८५ मिलिमीटर येते, आणि पिशवी चढवता यावी म्हणून त्यात २०–२५ मिलिमीटर ढिलाई धरावी. त्याहून अधिक ढिलाई ठेवली तर क्लॅम्पखाली चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणीतून धुळीची एक बारीक धार कायम बाहेर पडत राहते. तयार पिशवी हाती आल्यावर शिवण उजेडाकडे धरून पाहावी. जाड सुईने एकपदरी शिवलेल्या पिशवीत टाक्यांची भोके उजेडात चांदण्यांसारखी दिसतात, आणि ५ मायक्रॉनच्या कापडात अर्ध्या मिलिमीटरची भोके पाडून ठेवणे हा कापडाचाच अपव्यय आहे. शिवण दुहेरी दुमडीची, पॉलिएस्टर दोऱ्याची असावी आणि टाक्यांवरून बाहेरच्या बाजूने सिलिकॉन सीलंटचा पातळ हात फिरवलेला असावा.

साठवणपिशवीच्या बाबतीत निवड कापड आणि पॉलिथिन यांच्यात असते. खालीही कापडच लावले तर गाळणीचे क्षेत्रफळ वाढते, असा युक्तिवाद केला जातो. तो रिकाम्या पिशवीपुरता खरा आहे, कारण भुसा जसजसा चढतो तसतसे ते कापड झाकले जाते. पॉलिथिनमधून भुशाची पातळी बाहेरून दिसते आणि भरलेली पिशवी न उलटता तोंड बांधून उचलता येते, आणि धुळीच्या दृष्टीने हा फायदा क्षेत्रफळाहून मोठा आहे. पॉलिथिनची जाडी बाजारात गेजमध्ये सांगतात. १०० गेज म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन. ४०० गेजपेक्षा पातळ पिशवी घेऊ नये, आणि थिकनेसरमधून टोकदार ढलप्या निघत असतील तर ६०० गेज घ्यावी. पुष्कळ ठिकाणी खताची रिकामी विणलेली गोणी कड्याला बांधलेली दिसते. पंख्याच्या पुढे असलेल्या या पिशवीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, आणि अस्तर नसलेल्या गोणीच्या विणीतून तो दाब बारीक धूळ दिवसभर बाहेर फेकत राहतो. गोणी वापरायचीच तर वजन पेलण्यासाठी बाहेर गोणी आणि आत पॉलिथिनचे अस्तर अशी जोडी करावी. ही व्यवस्था टिकाऊ आहे आणि बाजारातल्या तयार पिशवीहून कोणत्याही प्रकारे कमी नाही.

सायक्लोन असलेल्या यंत्रणेत मात्र हा सगळा विचार उलटा होतो. तिथे भुशाचे पिंप पंख्याच्या आधी असते, म्हणून त्यात दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, आणि पिंपात सैल ठेवलेली पॉलिथिनची पिशवी फुगण्याऐवजी वर खेचली जाऊन सायक्लोनच्या तोंडाशी चिकटते. त्यासाठी पिशवीच्या आत जाळीचा किंवा वाकवलेल्या पत्र्याचा पिंजरा ठेवतात, अथवा पिशवी आणि पिंपाची भिंत यांच्यामधली जागा एका बारीक नळीने सायक्लोनच्या ओढीच्या बाजूला जोडतात, म्हणजे पिशवीच्या दोन्ही अंगांना सारखाच दाब राहतो. पिंपाच्या झाकणाला चीर असेल तर तिथून हवा आत शिरते आणि खाली पडलेली धूळ पुन्हा उचलून थेट फिल्टरकडे नेते. सायक्लोन बसवूनही फिल्टर लवकर भरत असेल तर आधी झाकणाचे रबर तपासावे.

साठवणपिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करावी. त्यापुढे भुशाचा माथा कड्यातल्या भोवऱ्याच्या इतका जवळ येतो की पडलेली धूळ पुन्हा उडून वरच्या पिशवीत जाते. म्हणजे खालची पिशवी वेळेवर न बदलल्याची किंमत वरची पिशवी मोजते. वजनाच्या दृष्टीनेही हीच मर्यादा योग्य आहे. ५०० मिलिमीटर व्यासाची, ८०० मिलिमीटर खोल पिशवी दोन-तृतीयांश भरली की तिच्यात सुमारे १०० लिटर भुसा असतो, आणि सुका कीस असेल तर तो १५ ते २० किलो भरतो. हे एका माणसाला न ओढाताण करता उचलता येते.

गाळणपिशवी कधी बदलावी, याचे उत्तर महिन्यांत देता येत नाही, कारण दिवसभर साग रंधणारा कारखाना आणि दिवसभर एमडीएफ सँड करणारा कारखाना यांची धूळ वेगळी. उत्तर दाबात द्यावे लागते, आणि दाब मोजायला महागडे उपकरण लागत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकची बारीक नळी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात फळीवर बसवून तिच्यात अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरावे, तिचे एक टोक पंखा आणि गाळणपिशवी यांच्यामधल्या कड्याला पाडलेल्या छिद्रात घट्ट बसवावे आणि दुसरे टोक मोकळे ठेवावे. यंत्र सुरू केल्यावर दोन्ही भुजांतल्या पाण्याच्या पातळीत जितक्या मिलिमीटरचा फरक पडतो, तितका पिशवीचा विरोध. नवी पिशवी आठवडाभर वापरून तिच्यावर थर बसल्यानंतरचा फरक फळीवरच रेघ मारून तारखेसह लिहून ठेवावा, आणि पुढची प्रत्येक नोंद त्याच एका यंत्राच्या पाइपाची झडप उघडी ठेवून करावी, नाहीतर तुलना फसते. फरक वाढला की पिशवी झटकावी. झटकूनही तो मूळ रेघेच्या दुपटीखाली येत नसेल, तर पिशवीचे आयुष्य संपले असे समजावे, मग ती दिसायला कितीही धडधाकट असो. उलट, फरक एकाएकी घटला तर कुठेतरी पिशवी फाटली आहे, क्लॅम्प सुटला आहे किंवा पाइप तुंबला आहे.

इथे एका रूढ समजुतीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. पिशवी चोंदली की मोटरवर ताण येऊन ती जळते, असे सर्रास सांगितले जाते; या प्रकारच्या पंख्यात घडते ते नेमके याच्या उलट. हवा कमी वाहिली की पंख्याला काम कमी पडते आणि मोटर कमी विद्युतप्रवाह घेते. जास्त प्रवाह ती घेते तो पाइप आणि पिशवी काढून मोकळी चालवल्यावर. म्हणजे चोंदलेल्या पिशवीची सूचना मोटर कधीच देणार नाही. ती मिळते नळीतल्या पाण्याकडून, किंवा अंधारातल्या टॉर्चकडून: संध्याकाळी दिवे बंद करून एकाने प्रखर टॉर्च पिशवीच्या पलीकडून आडवा धरावा आणि दुसऱ्याने झोत थेट डोळ्यांत येणार नाही अशा बेताने टॉर्चच्या दिशेने पाहावे. एरवी अदृश्य असणारी धूळ झोतात चमकू लागते, आणि ती शिवणीतून येते, क्लॅम्पखालून येते की सबंध कापडातून, हे वेगवेगळे ओळखता येते.

प्रत्यक्ष बदल करताना यंत्र बंद करून प्लग काढावा आणि किमान अर्धा तास थांबावे. ही खबरदारी अंगवळणी पडलेली नसते, पण तिला हिशेब आहे: ५ मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत दीड मीटर खाली यायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. कामगारांची सुट्टी झाल्यावर, पंखे बंद ठेवून आणि एन-९५ मास्क लावून हे काम करावे. रुमाल बांधल्याने बारीक धूळ अडत नाही. गाळणपिशवी उतरवण्याआधी ती बाहेरून तळहाताने, वरून खाली, हलके थोपटावी, म्हणजे सुटी धूळ साठवणपिशवीत पडेल. काठीने बडवू नये, त्याने फेल्टचे तंतू मोकळे होतात. मग साठवणपिशवी आधी काढून तिचे तोंड बांधावे, आणि त्यानंतर गाळणपिशवीचा पट्टा सोडून तिचे तोंड आतल्या बाजूला दुमडत तिची गुंडाळी करावी. कॉम्प्रेसरच्या हवेने पिशवी किंवा कडा साफ करणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण महिनाभर पकडून ठेवलेली सर्वांत बारीक धूळ तो एका मिनिटात श्वासाच्या उंचीवर आणून सोडतो. कडा ओल्या फडक्याने पुसावा, जुनी फोमची पट्टी दबून चपटी झाली असेल तर खरवडून नवी चिकटवावी.

नवी पिशवी चढवताना एकाच माणसाला पिशवी, पट्टा आणि खटका असे तिन्ही सांभाळावे लागते आणि तिथेच चुण्या पडतात. पिशवीची कड कड्यावर दोन-तीन इंच वर ओढून कागदाचे मोठे चिमटे चार दिशांना लावावेत, ढिलाई चारही भागांत सारखी वाटावी आणि मगच पट्टा आवळावा. खटका पिशवीच्या शिवणीवर येऊ देऊ नये, कारण तिथे कापड दुपदरी असल्याने पट्टा दोन्ही बाजूंना किंचित उचलला जातो. यंत्र क्षणभर सुरू करून बंद करावे, पिशवी सरळ फुगते का पाहावे, आणि पुन्हा सुरू करून टिश्यू कागदाची पट्टी कड्याभोवती फिरवावी. गळती असेल तिथे ती फडफडते. उदबत्तीच्या धुराने गळती शोधण्याची युक्ती अन्यत्र चांगली असली तरी इथे ती वापरू नये.

कारण धुळीच्या पिशवीजवळ ठिणगी नेणे हा अपघाताला आमंत्रण देणारा प्रकार आहे. हवेत तरंगणारी कोरडी लाकूडधूळ पुरेशी दाट झाली तर ती पेटत नाही, स्फोट पावते. २०१५ च्या जुलैत इंग्लंडमधील बॉस्ली येथील लाकूडपिठाच्या गिरणीत झालेल्या स्फोटात चौघे आणि २०१२ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातील दोन लाकूड कारखान्यांतील स्फोटांत प्रत्येकी दोघे मृत्युमुखी पडले. लहान वर्कशॉपमध्ये स्फोटापेक्षा धुमसणारी आग अधिक संभवते: खिळ्याला करवत लागून उडालेला तापलेला तुकडा पिशवीतल्या भुशात रुततो, तासन्‌तास धुमसतो आणि रात्री पेट घेतो. म्हणून लोखंड घासण्याचा ग्राइंडर आणि लाकडाची करवत यांना एकच डस्ट कलेक्टर कधीही जोडू नये, जुन्या लाकडातले खिळे लोहचुंबक फिरवून आधी काढावेत, आणि साठवणपिशवी भरलेली ठेवून कारखाना बंद करू नये. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते तेव्हा निरांजन आणि उदबत्ती लावण्यापूर्वी पिशव्या रिकाम्या असाव्यात. पावसाळ्याचा दमटपणा सोसून झालेली गाळणपिशवी तपासण्यासाठी आणि गरज पडल्यास बदलण्यासाठी वर्षात यापेक्षा सोयीची वेळ नाही.

काढलेल्या भुशाचे काय करायचे, हे तो कशाचा आहे यावर ठरते. आंबा, साग, बाभूळ अशा साध्या लाकडाचा भुसा वीटभट्टीला किंवा जळणाच्या ब्रिकेट बनवणाऱ्याला देता येतो, आणि जाड, कोरडा कीस कोंबड्यांखाली पसरायला चालतो. बारीक धूळ मात्र पक्ष्यांनाही बाधते. प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड, वाळवीविरोधी औषध लावलेले लाकूड आणि रेल्वेचे जुने स्लीपर यांची धूळ खुराड्यात, खतात किंवा चुलीत जाता कामा नये, म्हणून तिच्यासाठी वेगळ्या रंगाची साठवणपिशवी ठेवावी. उतरवलेली जुनी गाळणपिशवी धुऊन वापरण्याचा मोह होतो; सुती पिशवी धुतल्यावर आटते आणि कड्यावर बसत नाही, तर फेल्ट साबणाच्या पाण्यात चोळल्यास धूळ आणखी खोल जाते. तिची पायपुसणी किंवा यंत्रावरची झाकणे करण्याचीही पद्धत आहे, आणि प्रत्येक पावलाबरोबर ती पिशवी आपल्यातली धूळ परत देत राहते. तिला गुंडाळलेल्या स्थितीतच जाड पॉलिथिनमध्ये बांधून कचऱ्यात द्यावे, आणि नवी पिशवी बसवल्या दिवशीच तशीच एक मागवून कोरड्या जागी ठेवावी.